शेतातली माती शेतातच सरकवली, तर गुन्हा कसला?



ज्वारीची पोती घेऊन आम्ही चौघे पुण्याच्या मार्केट यार्डात गेलो होतो. भावाचे काय झाले ते सांगत नाही. ते दुखणे दर अंकात असतेच. पट्टी व्हायला उशीर झाला म्हणून रात्रीच्या मुक्कामाला यार्डाला लागूनच असलेल्या बिबवेवाडीत गेलो. अप्पर इंदिरानगरच्या चढावर आमच्या गावची सहा पोरे एका खोलीत राहतात. दोघे डंपर चालवतात, एक पोकलेनवर आहे, बाकीचे यार्डात हमाली करतात. सहाही जणांच्या नावाने किंवा बापाच्या नावाने गावाकडे कोरडवाहू जमीन आहे. ती ओसाड पडलेली नाही, नुसती न परवडणारी आहे.

जेवण झाल्यावर एक पोरगा म्हणाला, चला काका, काम दाखवतो. उतारावर एका इमारतीचा पाया खणणे चालले होते. मोठे दिवे लावले होते. पोकलेन एका घासात जेवढी माती उचलत होता तेवढी काढायला आमच्या बापाला बैलजोडी घेऊन सकाळ लागायची. डंपर भरत होते, जात होते, रिकामे परत येत होते. आम्ही विचारले, ही माती जाते कुठे? पोरगा म्हणाला, काही इथेच भरावाला, काही बाहेर. वरचा चांगला थर वेगळा काढता का? तो हसला. काका, इथं काय पेरायचंय?

मग त्यानेच विचारले, तुमच्या नोटिशीचं काय झालं?

नोटीस आमच्यातल्या एकाला आली आहे. गावाचे नाव, तालुक्याचे नाव, साहेबाचे नाव इथे छापत नाही, कारण भांडण एका साहेबाशी नाही. त्याचे चार एकराचे कपाशीचे शेत. मधोमध उंचवटा, दोन्ही कडांना खोलगट. उंचवट्यावर पऱ्हाटी गुडघ्याच्या वर जात नाही आणि खोलगटात पाणी साचून पिवळी पडते. दोन पिढ्या हेच चालले होते. पऱ्हाट्या उपटून झाल्यावर, उन्हाळ्यात, त्याने पस्तीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरमागे जुना स्क्रेपर जोडला आणि तेरा दिवस उंचवट्याची माती खोलगटात ओढली. शेताच्या बांधाबाहेर घमेलेभर माती गेली नाही. चौदाव्या दिवशी पंचनामा झाला. 'विनापरवाना गौण खनिज उत्खनन.' चार एकरावर सरासरी एक इंच धरून १४५ ब्रास.

हिशेब बरोबर आहे, आम्ही स्वतः ताडून पाहिला. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एक इंच जाडीचा थर काढला तर ३,६३० घनफूट, म्हणजे ३६ ब्रासच्या वर. चार एकराचे १४५. ब्रासला ६०० रुपये रॉयल्टी धरा, ८७ हजार रुपये होतात. त्यावर दंड. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना उत्खननाचा दंड खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि यंत्र जप्त करता येते. जप्त ट्रॅक्टर सोडवायचा तर तो दंड निराळा, तोही लाखाच्या घरात. चार एकर कोरडवाहू कपाशीतून हे फेडायला किती हंगाम लागतील ते ज्याचे त्याने मांडून पाहावे.

आता दुसरा हिशेब मांडू. देहरादूनच्या मृदसंधारण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली काढलेला अंदाज आहे: आपल्या देशात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांवर माती पावसाने वाहून जाते. म्हणजे एकरी साडेसहा टन, म्हणजे अंदाजे दोन ब्रास. ही सरासरी झाली. उताराच्या, उघड्या, पावसाळ्याच्या तोंडावर नांगरून पडलेल्या काळ्या रानातून याहून जास्त जाते. आमच्या त्या भावाच्या चार एकरातून धरा वर्षाला आठ ब्रास. वीस वर्षांत १६० ब्रास माती त्याच्या शेतातून ओघळीत, ओघळीतून नाल्यात, नाल्यातून धरणात गेली आणि तिचा पंचनामा करायला कुणी आले नाही. ती माती कायमची गेली. ज्या वर्षी त्याने ती अडवण्यासाठी १४५ ब्रास जागच्या जागी सरकवली, त्या वर्षी साहेब आले.

आणखी एक गंमत ऐका. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. तलावातला गाळ शेतकऱ्याने आपल्या खर्चाने वाहून शेतात टाकला तर त्यावर रॉयल्टी नाही. चांगलीच गोष्ट आहे. पण तो गाळ म्हणजे आपल्याच शेतातून वाहून गेलेली माती! म्हणजे माती आधी वाहून जाऊ द्या, धरणात साचू द्या, मग ट्रॉलीला भाडे भरून परत आणा, तेव्हा ती माती. शेतातच अडवली तर ते खनिज.

* * *

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण या विषयात शेतकऱ्याला कायद्याने मारलेले नाही, कायदा न सांगण्याने मारलेले आहे.

केंद्र सरकारने ३ फेब्रुवारी २००० ला अधिसूचना काढून साध्या मातीला गौण खनिज ठरवले. पण सगळ्या मातीला नाही. भराव, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या बांधकामात भरण्यासाठी किंवा सपाटीसाठी वापरलेल्या मातीला. त्या यादीत शेत नाही. ज्वारी नाही, कपाशी नाही.

पुण्यातल्या बिल्डरांच्या संघटनेला हे कळले. पायासाठी खणलेली माती त्याच प्लॉटवर पसरली तरी त्यांच्याकडून रॉयल्टी आणि दंड मागितला जात होता. ते कोर्टात गेले, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. ३ डिसेंबर २०१४ ला निकाल लागला: माती खणली एवढ्यानेच ती गौण खनिज होत नाही, ती अधिसूचनेत सांगितलेल्या कामासाठी वापरली का ते पाहावे लागते. पायाची माती काढून त्याच जागेत वापरली तर तेवढ्यावरून दंड लावता येत नाही. पुढच्याच वर्षी राज्याच्या नियमांतही त्याच प्लॉटवर वापरलेल्या मातीला सूट आली.

बिल्डरांवर आमचा राग नाही. त्यांनी वकील लावला, भांडले, मिळवले. राग याचा आहे की २०१४ साली जे बिबवेवाडीच्या उतारावरच्या प्लॉटला मिळाले, ते आमच्या गटनंबरापर्यंत अजून पोचलेले नाही. बिल्डर माती त्याच प्लॉटवर पसरतो तेव्हा तो 'विकास' असतो. आम्ही त्याच शेतात पसरतो तेव्हा ती 'चोरी' होते.

आणि आपल्याला तर त्या निकालापर्यंतही जायची गरज नाही. ज्या जमीन महसूल संहितेचे कलम ४८ दाखवून नोटीस येते त्याच १९६६ च्या संहितेत कलम ४१ आहे. शेतीसाठी धारण केलेल्या जमिनीवर शेतीची सुधारणा करण्याचा हक्क ते धारकाला देते. 'सुधारणा' या शब्दाची व्याख्याही त्याच संहितेत आहे, आणि तीत जमीन सपाट करणे, टप्पे पाडणे हे शब्दाशब्दाने लिहिलेले आहे. एकाच पुस्तकात दोन पाने. साहेबांच्या टेबलावर पुस्तक नेहमी एकाच पानावर उघडलेले असते.

एक मात्र बजावून सांगतो. माती शेताबाहेर गेली, वीटभट्टीला गेली, रस्त्याच्या ठेकेदाराला विकली, तर हे सगळे बोलणे लागू नाही. तिथे परवाना लागतो, रॉयल्टी लागते, आणि तिथे आम्ही तुमच्या बाजूने उभे राहणार नाही. वरचा सहा इंचाचा थर विकणारा शेतकरी गाय विकून गोठा ठेवतो.

* * *

स्क्रेपर म्हणजे काय, असे विदर्भातल्या काही भावांनी मागच्या बैठकीत विचारले होते. जुन्या माणसांनी बैलांमागे ओढायची केणी पाहिली असेल. लाकडी फळी, खाली लोखंडी पट्टी, मागे मूठ. मूठ उचलली की पट्टी मातीत घुसते, दाबली की माती घेऊन घसरत जाते, आणि पाहिजे तिथे सोडता येते. स्क्रेपर ही त्याच केणीची चाकांवर बसलेली धाकटी बहीण आहे. दोन चाकांवर लोखंडी पेटी, पेटीच्या तोंडाला खाली धारदार पाते. पाते खाली सोडले की दोन इंचाची साल निघून पेटीत चढते. पेटी भरली की वर उचलायची, खोलगटात न्यायची, आणि चालता चालता पातळ पसरत सोडायची. शेवटच्या तीन शब्दांत सगळे आले: पातळ पसरत सोडायची. ट्रॅक्टरमागे लावायची नुसती फळी माती ढकलते, त्यामुळे लांब नेता येत नाही, वाटेतच सांडते. जेसीबी खड्डा खणतो आणि ढीग घालतो. ढीग पसरवायला पुन्हा यंत्र लागते, आणि खड्ड्यातून निघालेला मुरूम काळ्या मातीवर येऊन बसतो. त्या मुरमावर तीन वर्षे तण सुद्धा धड उगवत नाही.

आमच्या भावाचा स्क्रेपर कुठल्यातरी धरणाच्या कामावरून भंगारात निघालेला. मुळात तो आमच्या ट्रॅक्टरला न झेपणारा होता. गावातल्या वेल्डिंगवाल्याने पेटी कापून लहान केली, पात्याच्या जागी ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवले, उचलायला जुन्या डंपरचा जॅक लावला. आता पाऊण ब्रास माती घेतो. दिसायला असा की पाहुणे आल्यावर ताडपत्री टाकावी. पण त्याने तेरा दिवसांत जे केले ते त्या शेतावर दोन पिढ्यांत झाले नव्हते. डिझेल आणि ड्रायव्हर एवढाच खर्च.

असे अवजार घ्यायला कर्ज मागा. बँक म्हणेल कोटेशन आणा. भंगाराचे कोटेशन कोण देतो? अनुदान मागा. २०१४-१५ पासून यांत्रिकीकरणाचे अभियान चालू आहे, पण त्यात चाचणी झालेले, यादीत बसलेले, नवे कोरे यंत्रच चालते. लेझर लेव्हलर चालतो. तो उत्तम यंत्र आहे यात वाद नाही, पाटाच्या पाण्याखालच्या सपाट रानात त्याने पाणी वाचते. पण आमच्या चार एकराच्या कोरडवाहू तुकड्यात फुटाफुटाचा चढउतार आहे. तिथे आधी माती एका टोकाची दुसऱ्या टोकाला न्यावी लागते, मग मिलिमीटरची भाषा. अनुदान आम्हाला नकोच आहे. गावच्या वेल्डिंगवाल्याच्या हाताला आणि आमच्या मातीला तेवढे मोकळे सोडा.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रेस्नो नावाचा भाग आहे. तिथे पाटाच्या पाण्यासाठी शेते सपाट करायची होती. जेम्स पोर्टियस नावाच्या तिथल्या एका लोहाराने १८८३ साली घोड्यांमागे ओढायच्या स्क्रेपरचे पेटंट घेतले. शेतकऱ्यांनी त्याने शेते सपाट केली, पाट खोदले. पुढे तेच अवजार पनामा कालव्याच्या कामावरही गेले. त्याच राज्यात स्टॉकटनला रॉबर्ट लेटूर्नो नावाच्या माणसाने पहिल्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरमागे स्क्रेपर लावून लोकांची शेते भाड्याने सपाट करायला सुरुवात केली, मग स्वतःच स्क्रेपर बनवू लागला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांची विमानतळे आणि रस्ते बांधणाऱ्या यंत्रांचा मोठा हिस्सा त्याच्या कारखान्यातला होता. बिबवेवाडीच्या उतारावर रात्री दिवे लावून जी यंत्रे चालतात त्या सगळ्या धंद्याची एक मुळी अशी शेतकऱ्याच्या बांधावर आहे. आमच्या गावच्या वेल्डिंगवाल्याला पेटंट नको आहे. त्याने बनवलेल्या वस्तूवर जप्तीची चिठ्ठी चिकटू नये, एवढेच.

* * *

कोरडवाहू शेतकऱ्याची माती हलवण्याचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला त्याला ऐंशी वर्षे झाली. मुंबई प्रांतात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. सोलापूर, विजापूर, नगर हा दुष्काळी पट्टा. त्यात समपातळीचे बांध घालायचे. हेतू वाईट नव्हता. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र होते, तिथल्या कामातून बांधबंदिस्तीचे महत्त्व पटलेले होते. पण कायद्याचा स्वभाव असा की योजना एकदा मंजूर झाली की नको म्हणणाऱ्याच्या शेतातही बांध पडे, आणि खर्चातला वाटा त्याच्या डोक्यावर बसे.

हलक्या आणि मध्यम जमिनीत ते बांध टिकले, उपयोगी पडले. खोल काळ्या रानात मात्र हसे झाले. काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते. त्या भेगांतून बांधही फुटतो. पावसात तिच्यात पाणी लवकर मुरत नाही, म्हणून बांधाच्या वरच्या अंगाला तळे होते आणि ज्वारी पिवळी पडते. शेतकऱ्याने आपल्या हाताने बांध फोडून पाणी काढले तर तो अडाणी, सहकार्य न करणारा. पुढे शास्त्रज्ञांनीच सांगितले की खोल काळ्या जमिनीला समपातळीचा बांध नको, थोडा ढाळ दिलेला बांध हवा, पाणी हळूहळू बाहेर निघाले पाहिजे. म्हणजे बांध फोडणारा अडाणी बरोबर होता! पण बांधाचे पैसे त्याच्याकडून वसूल झाले ते परत कुणी केले नाहीत.

१९७२ च्या दुष्काळात आपण खडी फोडली, नाल्यांना बांध घातले, पाझर तलाव खोदले. मग रोजगार हमी आली. १९७४ पासून पाटाखालच्या लाभक्षेत्रासाठी वेगळा विकास कार्यक्रम आला, आणि तिथे जमीन सपाट करून देण्याची सोय झाली. ज्याच्या शेतात पाणी आले त्याचे शेत सपाट करणे हे सरकारचे काम ठरले. ज्याच्या शेतात पाणी येणारच नाही, ज्याला पावसाचा थेंब थेंब जागेवर मुरवायचा आहे, त्याला सपाटीची गरज जास्त. त्याच्या वाट्याला बांध आले आणि उपदेश आले. महाराष्ट्रातली ऐंशी टक्क्यांवर शेती कोरडवाहू आहे.

२०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार आले. नाले खोल झाले, रुंद झाले. जेसीबी आणि पोकलेन रात्रंदिवस चालले. काही गावांत पाणी वाढले, ते आम्ही नाकारत नाही. पण २०२० साली महालेखापालांनी अहवाल दिला: नऊ हजार सहाशे कोटींवर खर्च, आणि भूजलावर परिणाम फारसा नाही. आम्हाला त्यात आश्चर्य वाटले नाही. पाणी नाल्यात आल्यावर अडवायचे म्हणजे चोर वेशीबाहेर गेल्यावर दाराला कडी लावायची. पाणी शेतात अडवायचे असते. पण शेतातले काम लहान लहान, हजारो ठिकाणी. त्याचे टेंडर निघत नाही. नाल्याचे निघते.

* * *

आता आमच्यावर एक आरोप येणार आहे, आणि तो खोटा म्हणून झटकून टाकता येणार नाही. आमच्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. त्यानंतर अनेकांनी बोट दाखवले ते डोंगरउतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे. त्या भागात 'पडकई' नावाची जुनी रीत होती. गावाने एकमेकांच्या रानात राबायचे, हाताने दगड रचायचे, उतारावर खाचरे पाडायची. पुढे पडकईची सरकारी योजना झाली आणि तिच्यात यंत्रे आली. माळीणला डोंगर कशाने सुटला यावर मतभेद राहिले. धो धो पाऊस हे कारण सगळ्यांनाच मान्य. पण तीव्र उतारावर यंत्राने माती कापणे धोक्याचे आहे हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पुण्याच्याच वेशीवर, कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला २०१३ च्या जूनमध्ये डोंगर फोडलेल्या जागेवरून लोंढा आला आणि महामार्गावर मायलेकी वाहून गेल्या.

म्हणून आम्ही म्हणतो, ज्या रानाचा उतार शंभराला दोन-तीन फूट आहे, जिथे कपाशी आणि ज्वारी पेरली जाते, त्या रानाची गोष्ट करा. तिथे दोन इंचाची साल इकडची तिकडे गेली तर कुठलाही डोंगर सुटत नाही. डोंगराला वेगळा नियम असावा, कडक असावा, आणि तो बिबवेवाडीच्या टेकडीलाही तितकाच कडक लागावा. आज उलटे आहे. धोका आहे तिथे दुर्घटना झाल्यावर चौकशी. धोका नाही तिथे चौदाव्या दिवशी पंचनामा.

आणि आपले दोषही सांगून टाकतो, नाहीतर बैठकीत कुणीतरी सांगेलच. स्क्रेपर हातात आला की काही जणांना जोर चढतो. शेजाऱ्याचा बांध आठ बोटे कोरायचा आणि म्हणायचे यंत्र सरकले. असल्या कामाला संघटनेचे नाव लावू नका. दुसरे, वरची माती आधी बाजूला न काढता उंचवटा कापणारे. खालचा पांढरा चुनखडीचा थर वर आला की त्या पट्ट्यात पीक पिवळे पडते आणि मग दोष स्क्रेपरला. पद्धत अशी ठेवा. आधी उंचवट्याचा वरचा चार-सहा इंच काळा थर ओढून एका कडेला लावायचा. मग खालचे कापून खोलगट भरायचे, प्रत्येक फेरीला पातळ थर, चाकाने दबत जाईल असा. शेवटी तो काळा थर परत सगळीकडे पसरायचा. वेळ दुप्पट लागतो, डिझेलही लागते. पण जे रान मुलाला द्यायचे त्याला एवढे लागणारच. शेत कॅरमबोर्ड करायला जाऊ नका. पाण्याला ढाळ हवा, तीनशे-चारशे फुटाला फूटभर पुरतो. पाण्याची नळी लावून दोघांनी पातळी पाहावी. माती ओली असताना स्क्रेपर घालू नये; खाली दगडासारखी तक्ती बसते आणि मूळ खाली जात नाही. भरलेली जागा पहिल्या पावसाळ्यात दबते, तेव्हा दुसऱ्या उन्हाळ्यात थोडे काम राहतेच. जिथे कापले तिथे शेणखत जास्त टाका आणि पहिल्या वर्षी ताग किंवा तूर घ्या, कपाशीचा हट्ट धरू नका.

आमच्या भावाने हे सगळे केले होते का? नाही. काळा थर त्याने अर्ध्याच शेतात वेगळा काढला, उरलेल्या अर्ध्यात घाई केली. पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा आम्ही बांधावर उभे होतो. खोलगटात तळे झाले नाही. ओघळीतून जे पाणी निघाले ते शेजारच्या रानातल्यापेक्षा बरेच कमी गढूळ होते. यंदा घाईच्या अर्ध्यात पऱ्हाटी कमी आहे, दुसऱ्या अर्ध्यात खांद्याला लागते आहे. ज्यांना पाहायचे त्यांनी येऊन पाहावे, दोन्ही अर्धे दाखवू.

१० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारे, सरकारने परवानगी न दिलेले कापसाचे बियाणे उघडपणे पेरले, तेव्हा भांडण होते ते असे: माझ्या शेतात काय पेरायचे ते मी ठरवणार. बियाण्याच्या बाबतीत निदान चर्चा झाली, वर्तमानपत्रांत आले. मातीच्या बाबतीत अजून तोंडही उघडलेले नाही, कारण प्रत्येकाला आपापली नोटीस एकट्याने आलेली असते आणि तो एकट्यानेच साहेबाकडे जाऊन मिटवून येतो. किती मिटवले ते घरी बायकोलाही सांगत नाही.

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना इतके करा. माती सरकवल्याबद्दल, बांध घातल्याबद्दल, शेततळ्याची माती बांधावर टाकल्याबद्दल ज्यांना गौण खनिजाची नोटीस आली असेल त्यांनी ती आणावी. फाटली असेल तर फाटकी आणावी. सोबत त्या गटाचा सातबारा, आणि पंचनाम्याची प्रत मिळाली असेल तर ती. मिळाली नसेल तर मागणीचा अर्ज बैठकीतच लिहून देऊ. माती गटाबाहेर गेलेली नाही असे सांगणारे दोन शेजारी सहीला तयार असावेत. सगळ्या नोटिसा एकत्र करून, कलम ४१ आणि २०१४ चा निकाल जोडून, एकच निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे आहे: शेताची माती त्याच शेतात राहिली तर पंचनामा नको, आणि तसे प्रत्येक तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत लिहून लावा. उत्तर आले नाही तर पुढच्या उन्हाळ्यात एकाच दिवशी जिल्ह्यात शंभर शेतांवर स्क्रेपर आणि फळ्या चालतील, आणि तारीख आपण आधी कळवू.

बिबवेवाडीच्या खोलीतली दोन पोरे सुट्टी काढून येणार आहेत. त्यातला पोकलेनवरचा म्हणाला, स्क्रेपर मी चालवतो, मला पातळ सोडता येतं का बघू. त्याच्या बापाच्या तीन एकरात उंचवटा आहे. आमच्या भावाचा स्क्रेपर बैठकीच्या ठिकाणी आणून उभा करणार आहोत, जप्त झाला नाही तर. ज्यांना शेजारच्या रानात चालवून पाहायचा आहे त्यांनी आपापले डिझेल आणावे.